सायकलीला धरायचं कुठे?

छोट्या एसयूव्हीतून माउंटन बाइक न्यायची तर आज मुख्यतः चार वाटा आहेत. टपावर उभी करणं, मागच्या दाराला पट्ट्यांनी बांधणं, गाडीच्या मागे ट्रेलर ओढायच्या जोडात, म्हणजे हिचमध्ये, खोचलेल्या रॅकवर ठेवणं आणि पुढचं चाक काढून सरळ आत घालणं. दुकानात ही साधनं एकाच भिंतीवर टांगलेली असतात आणि गिऱ्हाईक किमती वाचून निवड करतं. पण यातलं प्रत्येक साधन वेगळ्या काळात, वेगळ्या मोटारीसाठी आणि बहुतेकदा वेगळ्याच सायकलीसाठी घडलं आहे. ते मुळात कुणासाठी घडलं हे कळलं, की आपल्या गाडीवर ते नीट का बसत नाही याचंही उत्तर मिळतं.

रॅकला एका बाजूने मोटार धरायची असते आणि दुसऱ्या बाजूने सायकल. गेल्या साठ-सत्तर वर्षांत मोटारीचा बंपर, टप, मागचं दार हे सगळं बदललं. सायकलीच्या नळ्या, चिमटा, एक्सल, चाकं तर त्याहून भराभर बदलली. दर बदलाबरोबर रॅक घडवणाऱ्यांपुढे तोच प्रश्न नव्याने उभा राहिला: आता धरायचं कुठे?

जुन्या मोटारींच्या टपाला दोन्ही कडांनी पत्र्याची पन्हळ असे. पावसाचं पाणी दारातून आत न ठिबकता वाहून जावं म्हणून ती ठेवलेली. पण टपावर काही लादायचं झालं तर पकड घ्यायला तिच्याइतकी सोयीची जागा दुसरी नव्हती. मुंबईच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीवरचं लोखंडी कॅरियर याच पन्हळीला आवळलेलं असे. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमची उतरली, तोवर ही जुनी पकड मुंबईकरांना रोज दिसत होती.

टपावरून सायकल नेणं मराठी माणसाला एसटीने फार आधी शिकवलं होतं. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. पुढे कित्येक वर्षं गावोगावच्या गाड्यांच्या मागच्या शिडीवरून पोती, ट्रंका, कोंबड्यांच्या पाट्या आणि सायकली टपावर चढत राहिल्या. तिथे सायकल आडवी निजवायची आणि दोरीने कॅरियरच्या गजांना बांधायची, एवढंच तंत्र होतं. ते पुरत होतं, कारण ती सायकल पोलादी होती, तिला बाहेर आलेली गिअरची यंत्रणा नव्हती, आणि दांडीवरचा रंग थोडा खरवडला तरी कुणाची तक्रार नसे. ओझं सोशीक असलं की बांधायची रीतही साधी राहते. इथून पुढची सगळी कहाणी सायकल कमी कमी सोशीक होत गेल्याची आहे.

युरोपात सायकलीला टपावर उभं केलं ते शर्यतींनी. व्यावसायिक संघांच्या मोटारी स्पर्धकांमागून धावत. एखाद्याची सायकल मोडली की मेकॅनिक गाडीतून उडी मारून टपावरची दुसरी काढून देई. पूर्वी अनेक संघ सायकली उलट्या, म्हणजे सीट आणि हँडल खाली टेकवून बांधत. हळूहळू सायकल सुलटी उभी राहू लागली, कारण ती काही सेकंदांत उचलून हातात देता यायला हवी होती. आजही संघनायकाची सायकल टपाच्या बाहेरच्या कडेला, मेकॅनिकच्या हाताला पहिली लागेल अशी ठेवतात. १९७२ मध्ये दोफिने शर्यतीत एका संघाची मोटार बंद पडली आणि मॅव्हिक कंपनीचे प्रमुख ब्रुनो गोर्मां यांनी स्वतःची गाडी त्यांना दिली. त्यातून कुठल्याही संघाच्या स्पर्धकाला मदत करणाऱ्या गाडीची कल्पना निघाली आणि १९७३ च्या पॅरिस-नीस शर्यतीत ती प्रत्यक्षात आली. मॅव्हिकच्या पिवळ्या गाड्या टपावर सायकलींची रांग घेऊन टीव्हीवर दिसू लागल्या. टपावरच्या सायकलीला जी ऐट आली, ती या शर्यतींमुळे.

टपावरच्या रॅकचा धंदा मात्र वाढला तो सायकलीमुळे नाही. स्वीडनमधल्या एरिक थुलिन यांनी १९४२ मध्ये थुले हे नाव पहिल्यांदा वापरलं ते पाइक मासा पकडायच्या सापळ्यावर. १९६० च्या दशकात ही कंपनी मोटारीच्या टपाकडे वळली. तिच्या आसपासच्या लोकांना बर्फावर घसरायच्या स्की डोंगरापर्यंत न्यायच्या होत्या. अमेरिकेत १९७३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावी सुरू झालेली त्याच नावाची कंपनी आधी कयाक नावांसाठी पाय टेकायचे आधार बनवत होती. पुढे ती कॅलिफोर्नियात आर्केटाला गेली आणि टपाचे रॅक करू लागली. थुलेचे दांडे चौकोनी आणि याकिमाचे गोल, ही दोघींची खूण वर्षानुवर्षं टिकली. टपावरच्या दोन आडव्या दांड्यांवर काय बसवायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, हा विचार स्की आणि नावांच्या धंद्यातून आला आणि सायकलीच्या वाट्याला तो आयता आला.

मागच्या रॅकचा उगम वेगळा आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मोठी माणसं पुन्हा सायकलीकडे वळली आणि काही वर्षं तिथे मोटारींपेक्षा सायकली जास्त विकल्या गेल्या. त्याच्या थोडं आधीच, १९६७ पासून, ॲलन या नावाने डिकीवर बांधायचे रॅक निघू लागले होते. त्या काळातल्या अमेरिकन मोटारींना क्रोमचा जाडजूड पोलादी बंपर असे, आणि मागे लांब, सपाट, पत्र्याची डिकी. रॅकचे पाय बंपरवर टेकवायचे, पट्ट्यांचे आकडे डिकीच्या कडांत अडकवायचे आणि वर निघालेल्या दोन हातांवर सायकल दांडीने लटकवायची. त्यावेळच्या सायकलीची दांडी आडवी, सरळ, गोल आणि पोलादाची. त्या मोटारीला आणि त्या सायकलीला हा रॅक अगदी चपखल होता.

मग माउंटन बाइक आली. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटीत काही तरुण १९३० आणि ४० च्या दशकांतल्या श्विन एक्सेलसिअरसारख्या जाड टायरांच्या जुन्या सायकली डोंगरउतारावरून दामटत. त्यांनी फेअरफॅक्सजवळच्या उतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी पहिली ‘रीपॅक’ शर्यत घेतली. सुमारे १,३०० फूट उतार तीन-साडेतीन किलोमीटरांत संपत असे. मागच्या हबमधला ब्रेक इतका तापे की आतलं ग्रीस जळून जाई आणि पुन्हा भरावं लागे. शर्यतीचं नाव त्यावरूनच पडलं. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ, टॉम रिची ही नावं तिथली. ब्रीझ यांनी १९७७ मध्ये या कामासाठीच नवी फ्रेम घडवली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजम्पर बाजारात आली आणि हा खेळ मरीनबाहेर पडला.

आपल्या मागोव्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी, की या मंडळींच्या सायकली वीस-बावीस किलोंच्या होत्या आणि चढावर ढकलत नेणं जिवावर येई. त्यामुळे डोंगरमाथ्यापर्यंत पोचवायला पिकअप लागे. हौदात सायकली एकमेकींवर रचायच्या आणि निघायचं. सडकेवरच्या सायकलीला मोटार लागली ती अडचणीत मदतीसाठी किंवा सुटीच्या प्रवासासाठी. माउंटन बाइकला ती मुळातच लागली. घरापासून पायवाटेपर्यंत मधे हमरस्ता पसरलेला असतो, आणि जाड, खाचेदार टायरांवर तो कापताना दमछाक होते. पुण्या-मुंबईच्या लोकांना तर द्रुतगती मार्गावर सायकल घालायचीच परवानगी नाही. सह्याद्रीतल्या एखाद्या पठारावर सकाळी पोचायचं तर सायकल गाडीतून न्यावी लागते.

माउंटन बाइक पसरत होती त्याच १९८० च्या दशकात मोटारीची पन्हळ नाहीशी होऊ लागली. हवेचा अडथळा कमी करायचा म्हणून दारं टपापर्यंत वर चढली, काचा पत्र्याच्या पातळीत आल्या, कडा गुळगुळीत झाल्या. क्रोमचा बंपर जाऊन प्लॅस्टिकचं आवरण आलं. त्याच्यावर वजन टेकवणं शक्यच नव्हतं. रॅकच्या कंपन्यांना दर मोटारीसाठी वेगळे पाय बनवावे लागले: दाराच्या फटीत अडकणारी पट्टी, टपाच्या लांब रेलिंगला आवळणारा पंजा, कारखान्यातून ठेवलेल्या छुप्या भोकांत बसणारा पाय. दुकानात गाडीचं मॉडेल आणि वर्ष विचारून जाड पुस्तकात क्रमांक शोधायची पद्धत तेव्हा पडली.

वरच्या बाजूला, सायकलीकडच्या पकडीत, इटलीच्या तुलिओ काम्पान्योलो यांनी १९३० च्या दशकात रूढ केलेली एक लहानशी वस्तू कामी आली. चाकाच्या पोकळ एक्सलमधून जाणारी सळी आणि टोकाला एक खटका. पाना न वापरता चाक निघतं. चाक काढलं की चिमट्याची दोन टोकं मोकळी होतात, आणि ती टोकं टपावरच्या ठोकळ्यावर तशाच खटक्याने आवळली की सायकल हलत नाही. मागचं चाक नुसतं पट्ट्याने खाली बांधायचं. हलकं, बुटकं आणि घट्ट. फ्रेमला कशाचाही स्पर्श नाही. टपासाठी याहून नेटकी युक्ती मला माहीत नाही, आणि जवळजवळ तीस वर्षं तिला तोड नव्हती.

ती अडली माउंटन बाइकच्याच वाढीमुळे. उतारावरचे धक्के सोसायला चिमट्यात सस्पेन्शन आलं, मग डिस्क ब्रेक आले, आणि नऊ मिलिमीटरचा तो बारीक पोकळ एक्सल लवचीक वाटू लागला. उतारशर्यतींच्या सायकलींना वीस मिलिमीटरचा जाड आरपार एक्सल आला. २००८ मध्ये फॉक्स आणि शिमानो यांनी पंधरा मिलिमीटरचा एक्सल आणला, आणि काही वर्षांत ‘बूस्ट’ नावाने हबची रुंदी शंभरावरून एकशे दहा मिलिमीटरांवर गेली. प्रत्येक पायरीला टपावरचा ठोकळा निकामी होई किंवा त्यासाठी नवा अडॅप्टर घ्यावा लागे. घरात दोन सायकली असतील तर अडॅप्टरही दोन वेगळे. पुष्कळ चांगले रॅक याच कारणाने धूळ खात पडले.

या दरम्यान मोटारही उंच होत होती. सुझुकीची एलजे१० ही चिमुकली चारचाकी १९७० ची. आपल्याकडे जिप्सी १९८५ मध्ये आली आणि पुण्याच्या टाटांची सिएरा १९९१ मध्ये. पण जगभर ज्यांना छोटी एसयूव्ही म्हणतात त्यांचा घाट पक्का केला तो टोयोटा आरएव्ही४ ने १९९४ मध्ये आणि होंडा सीआर-व्हीने १९९५ मध्ये. शहरी मोटारीचा सांगाडा, उंच बैठक, मागे उभं दार आणि त्या दारावर स्टेपनी. याच वर्षांत मोटार कंपन्यांना कळलं की माउंटन बाइक चालवणारा तरुण हा त्यांचाच ग्राहक आहे. १९९६ मध्ये फोक्सवागनने अमेरिकेत जेट्टाची ‘ट्रेक’ आवृत्ती विकली. तिच्याबरोबर ट्रेक या सायकल कंपनीची माउंटन बाइक आणि टपावरचा रॅक मिळत असे.

एसयूव्हीच्या उंचीने टपावरच्या रॅकचं गणित बिघडवलं. सेडानचं टप छातीपाशी येतं, एसयूव्हीचं कपाळाच्या वर जातं. चौदा-पंधरा किलोंची सायकल हात ताणून तिथे ठेवणं आडदांड माणसालाही सोपं नाही, आणि दमलेल्या संध्याकाळी तर मुळीच नाही. छोटी एसयूव्ही साधारण १.६ मीटर उंच. वर रॅक आणि उभी सायकल धरली की उंची पावणेतीन मीटरांवर जाते. सोसायटीच्या तळघरातल्या किंवा मॉलच्या वाहनतळाच्या तोंडाशी लावलेला आडवा दांडा याच्या बराच खाली असतो. हँडल, चिमटा, टप आणि रॅक एका क्षणात मोडल्याच्या घटना जगभर घडतात, आणि दर वेळी कारण एकच: टपावर सायकल आहे हे चालक विसरतो. मायलेजचा प्रश्न निराळाच. २०१६ मध्ये युचे चेन आणि ॲलन मायर या संशोधकांनी हिशेब मांडला की अमेरिकेत हलक्या वाहनांना लागणाऱ्या इंधनातला जवळपास एक टक्का टपावरच्या रॅकमुळे जास्त जळतो. त्यात रिकामे रॅक घेऊन फिरणाऱ्या गाड्याही आल्या. सायकल उतरवल्यावर दांडे काढून ठेवावेत, एवढं तरी त्यावरून नक्की शिकता येतं.

मग मागचं दार. पट्ट्यांचा रॅक स्वस्त असतो, घडी होऊन कपाटात राहतो, आणि पहिला रॅक म्हणून बहुतेक लोक तोच घेतात. पण तो मुळात सपाट डिकीसाठी घडला होता. एसयूव्हीचं दार उभं असतं, वरच्या कडेला प्लॅस्टिकचा स्पॉयलर असतो, आणि मोठा भाग काचेचा. आकडे स्पॉयलरमध्ये अडकवले तर तो तडकतो, काचेच्या कडेला लावले तर काच. दारावर स्टेपनी असेल तर आणखी पंचाईत. त्यासाठी स्टेपनीवर बसणारा वेगळा रॅक करावा लागला. विस्कॉन्सिनमधल्या सॅरिस कंपनीने फाबिओ पेद्रिनी या इटालियन डिझायनरकडून ‘बोन्स’ नावाचा कमानदार रॅक करून घेतला. त्याचे पाय कमानीवर हवे तिथे सरकतात, त्यामुळे स्पॉयलरला न शिवता वरून उडी घेता येते. या जातीतला मला सर्वांत विचारपूर्वक घडवलेला वाटतो तो हाच.

तरी सायकलीकडची अडचण त्याला सुटली नाही. लटकवायला दांडी हवी. १९९० च्या दशकाच्या मध्यात ट्रेकची वाय आकाराची फ्रेम आली, तिला वरची दांडी नव्हतीच. पुढेमागे सस्पेन्शन असलेल्या सायकलीत फ्रेमच्या त्रिकोणात शॉक बसला आणि रॅकचे हात शिरायला जागा उरली नाही. मग हँडलच्या बुडापासून सीटच्या खांबापर्यंत जोडायची खोटी दांडी विकायला आली. तेवढ्यात सीट बटणाने वर-खाली करणारा ड्रॉपर खांब रूढ झाला, आणि खोट्या दांडीवर सायकल टांगली की वजनाने तोच खांब वर ओढला जाऊ लागला. कार्बन फ्रेमवर तर पट्टा आवळायचीच धास्ती: एका जागी दाब पडला तर नळी आतून चिरते आणि बाहेरून काही दिसत नाही. शंभर-दीडशे किलोमीटर खड्ड्यांतून लटकत, एकमेकींवर घासत गेलेल्या दोन सायकलींची अवस्था ज्याने पाहिली आहे, तो हा रॅक पुन्हा सहसा वापरत नाही.

फ्रेम धरता येत नाही, एक्सल धरायचा तर तो दर काही वर्षांनी बदलतो. उरलं चाक. या उत्तरापर्यंत पोचवलं ते मोटारीने नव्हे, सार्वजनिक बसने, आणि या इतिहासातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच आहे.

१९९० च्या दशकात सिएटलच्या किंग काउंटी मेट्रोच्या बसगाड्यांना पुढच्या बाजूला सायकलींसाठी रॅक लागले. ते स्पोर्टवर्क्स या तिथल्याच कंपनीने बनवले होते. बसच्या रॅकपुढच्या अटी पाहा. येणारी सायकल मुलाची असेल, बाईची असेल, जाड टायराची किंवा बारीक टायराची असेल. तिची फ्रेम कशी आहे हे आधी कळायची सोय नाही. चाक काढायला वेळ नाही, पाना नाही, मदतीला माणूस नाही. चालक खाली उतरणार नाही, आणि मागे बसभर माणसं खोळंबलेली. या अटींतून जे उरलं ते असं: दोन्ही चाकांना एकेक खोबण, आणि पुढच्या टायरावर वरून येऊन बसणारा स्प्रिंगचा आकडा. सायकल उचलायची, खोबणीत ठेवायची, आकडा ओढून टायरावर आणायचा. फ्रेमला काहीही शिवत नाही. प्रत्येक सायकलीला दोन गोल चाकं असतात, एवढं एकच गृहीतक त्यामागे आहे, आणि ते अजून तरी खोटं ठरलेलं नाही.

हीच पकड मोटारीच्या मागच्या रॅकवर आली. स्पोर्टवर्क्सच्याच आराखड्यातून पुढे थुलेचा टी२ घडला. विस्कॉन्सिनच्या वन-अप-यूएसएने ॲल्युमिनियमचे दोन हात दोन्ही चाकांवर मिटवले आणि आकडाही काढून टाकला. टपावरसुद्धा चाक न काढता टायरालाच धरणारे रॅक निघाले. चाकं सव्वीस इंचांवरून एकोणतीस इंचांवर गेली तेव्हा या रॅकना फक्त हात थोडा लांब करावा लागला. एक्सल बदलला तेव्हा काहीच करावं लागलं नाही.

चाकांना धरणारा हा जड रॅक मोटारीच्या पत्र्याला टांगता येत नाही, म्हणून तो गाडीच्या चासीला पकडतो. अमेरिकेत ट्रेलर ओढण्यासाठी हिचला चौकोनी तोंडाची नळी असते, दोन इंची किंवा लहान गाड्यांना सव्वा इंची. रॅकचा दांडा तिच्यात खोचतात. युरोपात त्या जागी पन्नास मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा असतो आणि रॅक त्याच्यावर तरफेने आवळला जातो. युरोपीय रॅकला स्वतःचे दिवे आणि नंबरप्लेटची पाटी असते, कारण मागे सायकली उभ्या राहिल्या की गाडीच्या मूळ खुणा झाकल्या जातात. अमेरिकन रॅकमध्ये ही काळजी पुष्कळदा दिसत नाही. बाकी कारागिरी उत्तम असूनही हे न्यून मला खटकतं. मागून येणाऱ्याला ब्रेकचा दिवा दिसणं ही काही ऐच्छिक गोष्ट नाही.

कॅनडात व्हँकुव्हरजवळच्या नॉर्थ शोअरवर याच हिचमधून एक उभा प्रकार निघाला. तिथले लोक दिवसभर गाडीने वर जातात आणि सायकलीने खाली येतात, त्यामुळे एका फेरीत चार-सहा सायकली न्यायच्या असतात. त्यांनी सायकली चिमट्याच्या मानेने उभ्या टांगल्या आणि मागची चाकं दोरीने बांधली. मोठ्या पिकअपसाठी ते फार सोयीचं आहे. छोट्या एसयूव्हीने त्या वाटेला जाऊ नये.

कारण छोट्या गाडीत शेवटी सगळं वजनावर येऊन थांबतं. युरोपातल्या अनेक छोट्या एसयूव्हींना मागच्या गोळ्यावर पंचाहत्तर-ऐंशी किलोंची मर्यादा असते. दोन सायकलींचा चांगला रॅक स्वतःच सतरा ते वीस किलोंचा. साध्या दोन माउंटन बाइक धरल्या तर बेरीज पन्नासच्या आसपास राहते आणि काही प्रश्न नाही. पण बॅटरीवाली माउंटन बाइक बावीस ते पंचवीस किलोंची असते. तशा दोन ठेवल्या की गाडी मर्यादेच्या काठावर येते. शिवाय हे ओझं मागच्या चाकांच्याही मागे लोंबतं, त्यामुळे पुढची चाकं हलकी पडतात आणि घाटातल्या वळणावर स्टिअरिंग सैल लागतं. टपावर तर एका सायकलीच्या रॅकची क्षमता बहुधा सतरा ते वीस किलोंची, म्हणजे तिथे बॅटरीवाल्या सायकलीला प्रवेशच नाही. मरीनच्या उतारावरच्या बावीस किलोंच्या सायकली पिकअपमध्ये टाकणाऱ्यांना जो त्रास होता, तोच पन्नास वर्षांनी बॅटरीच्या रूपाने परत आला आहे. म्हणून आता रॅकबरोबर सायकल चालवत वर चढवायची उतरती पट्टीही मिळू लागली आहे.

आपल्याकडे छोट्या एसयूव्हीचा आकार करातून ठरला. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरांपेक्षा कमी लांबीच्या, लहान इंजिनच्या मोटारींवरचं उत्पादन शुल्क कमी झालं. त्यातून पुढे २०१३ ची इकोस्पोर्ट, २०१६ ची ब्रेझा, २०१७ ची पुण्याजवळ रांजणगावात बनणारी नेक्सॉन अशा गाड्या आल्या. सगळ्या चार मीटरांच्या काही मिलिमीटर अलीकडे थांबलेल्या. नेक्सॉनची रुंदी सुमारे १.८ मीटर. १९९० च्या दशकातली सव्वीस इंची माउंटन बाइक टोकापासून टोकापर्यंत साधारण पावणेदोन मीटर होती. ती या गाडीच्या मागे आडवी उभी केली तर रुंदीच्या आत राहिली असती. आजची मोठ्या मापाची एकोणतीस इंची सायकल १.९५ मीटरपर्यंत जाते. म्हणजे दोन्ही बाजूंनी सात-आठ सेंटिमीटर चाक बाहेर. अरुंद गल्लीत आणि टोलनाक्याच्या रांगेत हे सतत ध्यानात ठेवावं लागतं.

पण मागे धरायला मुळात जागाच नाही. या गाड्यांना कारखान्यातून हिच बसवून मिळणं आपल्याकडे दुर्मीळ आहे, आणि गॅरेजमध्ये वेल्डिंग करून घेतलेल्या हिचवर सायकल आणि मागून येणाऱ्यांचा जीव टांगू नये. पट्ट्यांचा रॅक लावला तर नंबरप्लेट आणि दिवे झाकले जातात. उच्च सुरक्षा नंबरप्लेट न निघणाऱ्या लॉकने गाडीला कायमची जोडलेली असते, त्यामुळे ती काढून रॅकवर लावणंही शक्य नाही.

म्हणून एकट्या माणसाने एकच सायकल न्यायची असेल तर मी चौथी वाट धरायला सांगेन: सायकल आत. मागची सीट पाडायची, पुढची थोडी पुढे सरकवायची, ड्रॉपर खाली बसवायचा, पुढचं चाक काढायचं. एकोणतीस इंची सायकलीची लांबी मग १.६ मीटरच्या आसपास येते आणि तिरकी केली की ती बसते. गिअरची बाजू वर ठेवायची. ब्रेकच्या पॅडमध्ये प्लॅस्टिकचा तुकडा किंवा जाड पुठ्ठा घालायचा, कारण चाक नसताना ब्रेकचा खटका दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत बसत नाही. उंची पुरत असेल तर एक फळी घेऊन तिच्यावर चिमट्याचा ठोकळा पक्का करायचा आणि सायकल आतच उभी करायची. टपावरून बाद झालेला तो ठोकळा इथे पुन्हा उपयोगी पडतो; आपल्या एक्सलच्या मापाचा घेतला की झालं. सायकल पावसात भिजत नाही, चहाला थांबलं तर चोरीची धास्ती नाही, नंबरप्लेट उघडी राहते. जाते ती मागची सीट, म्हणजे तीन माणसांची जागा.

ती जागा ज्यांना सोडता येत नाही, त्या कुटुंबांसाठी कारखान्यांनी दोन गोष्टी कराव्यात. पंचाहत्तर किलो पेलणारी, चाचणी झालेली हिच अधिकृत ॲक्सेसरी म्हणून विकावी. टपावर किती वजन चालेल आणि हिचवर किती, हे दोन आकडे माहितीपुस्तिकेत ठळक छापावेत. आणि सरकारने रॅकवरच्या दिव्यांच्या आणि नंबरप्लेटच्या पाटीसाठी युरोपसारखा सुटसुटीत नियम ठेवावा, म्हणजे आईवडील आणि दोन मुलं आपापल्या सायकली घेऊन रविवारी सकाळी घाटमाथ्याला निघू शकतील.